कोड रिव्ह्यू मोजायचा कसा? मागची पन्नास वर्षं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याला इन्स्पेक्शन शिकवावं लागत नाही. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, निघालं की वाळूत ओल किती होती, ओतताना धातू किती तापला होता, हे आधी बघतात. माणूस नंतर. कोल्हापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसांत रोज होणाऱ्या कोड रिव्ह्यूचं, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासण्याचं, मूळही याच वळणाचं आहे.

आयबीएमच्या मायकल फेगन यांनी १९७६ साली ही शिस्त प्रोग्रामिंगसाठी मांडली. आधी एकट्याने वाचून यायचं, मग दोन तासांपेक्षा लांबू न देता बैठक. मॉडरेटर वेगळा, चुका फक्त नोंदवायच्या, तिथेच दुरुस्त करत बसायचं नाही. प्रत्येक चुकीचा प्रकार आणि गांभीर्य लिहिलं जाई. या आकड्यांवरून प्रोग्रामरचं मूल्यमापन करू नका, असंही त्यांनी मॅनेजरांना तेव्हाच बजावलं होतं. अप्रेझलच्या महिन्यात हे कुणाला आठवत नाही, ते सोडा.

पण सापडलेल्या चुका मोजून राहिलेल्या कशा कळणार? १९९२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये यासाठी प्राणी मोजणाऱ्यांची युक्ती वापरली गेली. रंकाळा तलाव न उपसता त्यातले मासे मोजायचे, तसंच: काही पकडून खूण करून सोडायचे, आणि पुढच्या खेपेला खुणेचे किती येतात त्यावरून एकूण अंदाज बांधायचा. एकाला १० चुका सापडल्या, दुसऱ्याला स्वतंत्रपणे ८, त्यातल्या ४ सारख्याच. तर एकूण अंदाज १० गुणिले ८ भागिले ४, म्हणजे २०. हाती लागल्या १४, सहा अजून पाण्यात. बहुतेक चुका बैठकीआधी एकट्याने वाचतानाच सापडतात, हे लॉरेन्स वोट्टा यांनी १९९३ मध्ये दाखवलं आणि बैठकीचं महत्त्व उतरलं.

पुढे रिव्ह्यू स्क्रीनवर गेला. सिस्कोमधल्या सुमारे २,५०० रिव्ह्यूंच्या अभ्यासातून २००६ मध्ये ‘एका वेळी २०० ते ४०० ओळी’ हा आडाखा आला. अभ्यास करणारी कंपनी रिव्ह्यूचंच टूल विकत होती, हे ध्यानात ठेवून तो घ्यावा. तरी दीड हजार ओळींच्या पुल रिक्वेस्टवर (कोडमधले बदल तपासून सामील करून घ्या, अशी विनंती) दोन मिनिटांत ‘ओके’ येतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

२०१३ मध्ये अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये पाहिलं, तर लोक रिव्ह्यू करत बग शोधायला, पण पदरात जास्त पडे ती कोडची समज. ती मोजायला सोपा आकडा नाही. आमच्याकडे मात्र तिचा हिशोब ठरलेल्या वेळी होतो: एखादा पुण्याची ऑफर घेऊन नोटीस पिरियडवर जातो, आणि त्याचं बिलिंगचं मॉड्यूल दुसऱ्या कुणी कधी वाचलं होतं का, याची शोधाशोध सुरू होते.