मेमध्ये सापडलेलं गाणं जूनपर्यंत विटतं का?

परीक्षा संपलेल्या असतात, दुपारी बाहेर पडवत नाही, आणि कुणीतरी पाठवलेलं एक नवं गाणं हाती लागतं. पहिल्यांदा ते ठीकठाक वाटतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यातली एक जागा भावते. दहाव्या वेळेपर्यंत ते आपलं झालेलं असतं आणि रिपीटवर लागतं. महिनाअखेरीस मात्र ते सुरू झालं की बोट आपसूक पुढच्या गाण्याकडे जातं. हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं आणि त्यामागची कारणं मानसशास्त्राने व मेंदूविज्ञानाने बऱ्यापैकी उलगडली आहेत. थोडक्यात सांगायचं तर, गाणं किती वेळा ऐकलं एवढ्यावरच ते विटणं अवलंबून नसतं. दोनदा ऐकण्यात अंतर किती ठेवलं आणि ऐकताना लक्ष कुठे होतं, यालाही तितकंच महत्त्व आहे.

सुरुवातीची आवड कुठून येते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांच्या 1968 सालच्या प्रयोगांतून कळतं. त्यांनी लोकांना अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहरे दाखवले. काही एकदाच, काही दोनदा, पाचदा, दहादा, तर काही 25 वेळा. जे जास्त वेळा समोर आलं, ते लोकांना जास्त बरं वाटलं. बक्षीस नव्हतं, कुणी अर्थ समजावला नव्हता. नुसती ओळख पुरेशी ठरली. पुढच्या वीसेक वर्षांत या विषयावर झालेले दोनशेहून अधिक प्रयोग रॉबर्ट बोर्नस्टाइन यांनी 1989 मध्ये एकत्र तपासले, तेव्हा या परिणामाच्या अटीही दिसल्या. एकच गोष्ट सलग समोर येत राहिली तर परिणाम मंदावतो. इतर गोष्टींत मिसळून, अधूनमधून आली तर तो टिकतो. फोनवरचं रिपीटचं बटण नेमकं पहिल्या प्रकारात मोडतं.

डॅनियल बर्लाइन यांनी 1971 च्या सुमारास आवडीच्या या चढउताराचा आलेख मांडला: आधी चढ, मग माथा, मग उतार. अगदी सोपी चाल पटकन कळते, पटकन आवडते आणि लवकर उताराला लागते. गुंतागुंतीची चाल माथ्यावर पोचायला वेळ घेते. म्हणून पहिल्या ऐकण्यात 'काही विशेष नाही' वाटलेल्या गाण्याला तीन-चार संधी द्याव्यात. पहिल्या फटक्यात गाणं रद्द करण्याची सवय फार नुकसान करते.

टोरांटोमधला 2004 सालचा एक प्रयोग इथे फार उपयोगाचा आहे. त्यात संगीताचे तुकडे 2, 8 किंवा 32 वेळा ऐकवले गेले. एका गटाने ते लक्षपूर्वक ऐकले. दुसऱ्या गटाच्या एका कानात संगीत आणि दुसऱ्या कानात गोष्ट चालू होती, आणि लक्ष गोष्टीकडे द्यायचं होतं. लक्षपूर्वक ऐकणाऱ्यांची आवड 8 वेळांपर्यंत वाढली आणि 32 वेळांनंतर घसरली. गोष्टीकडे लक्ष असलेल्यांची आवड मात्र वाढतच गेली. लोणच्याच्या कैऱ्या चिरताना मागे लागलेलं गाणं दिवसेंदिवस का चालतं आणि डोळे मिटून, हेडफोन लावून ऐकलेलं तेच गाणं आठवड्यात का थकतं, हे यावरून समजतं. दोन्हींची गरज आहे. गाण्याची ओळख लक्ष देऊन ऐकल्यावरच होते. पण ती झाल्यावर रोज त्याच एकाग्रतेने ऐकलं तर ते भराभर संपतं.

यात मुखड्याचा हिशोब सहसा कुणी करत नाही. भावगीताचा किंवा चित्रपटगीताचा नेहमीचा साचा घ्या: सुरुवातीला मुखडा दोनदा, मग अंतरा, मुखडा, दुसरा अंतरा, पुन्हा मुखडा. गाणं एकदा ऐकलं की मुखडा चार वेळा कानावर पडतो आणि प्रत्येक अंतरा एकदाच. दिवसातून आठ वेळा गाणं लावलं तर मुखडा 32 वेळा झाला, अंतरा आठच वेळा. म्हणजे गाणं विटलं असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्याचा मुखडा विटलेला असतो. अशा वेळी गाणं दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीच्या वाद्यसंगीतापासून लावून बघावं. तिथे ऐकायचं बरंच शिल्लक असतं.

मेंदूत या काळात काय चालतं, याचा सर्वात स्पष्ट पुरावा मॉन्ट्रियलहून आला. व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अशा लोकांना निवडलं, ज्यांना स्वतःच्या आवडत्या संगीताने अंगावर हमखास काटा येतो. त्यांच्या मेंदूतल्या डोपामिन या आनंदाशी जोडलेल्या रसायनाचा माग काढला, तेव्हा ते दोन वेळा, दोन वेगळ्या भागांत स्रवताना दिसलं. आवडती जागा येण्याआधी, ती येणार या अपेक्षेनेच, कॉडेट नावाच्या भागात. आणि ती जागा प्रत्यक्ष आली तेव्हा न्यूक्लिअस अॅकम्बन्समध्ये. याच गटाच्या 2013 च्या प्रयोगात लोकांनी कधीच न ऐकलेली गाणी ऐकली आणि ती विकत घ्यायला पदरचे पैसे, जास्तीत जास्त 2 डॉलर, लावले. ज्या गाण्याला जास्त बोली लागली, त्या वेळी हाच अॅकम्बन्स आणि श्रवणाचे भाग यांच्यातली देवाणघेवाण वाढलेली होती. श्रवणाच्या भागांत आयुष्यभर ऐकलेल्या संगीताचे साचे असतात. त्यामुळे अगदी नवं गाणंसुद्धा आपण जुन्या गाण्यांच्या आधारावरच आवडून घेतो. 2019 मध्ये 27 जणांवर औषधांचा प्रयोग झाला: डोपामिन वाढवणाऱ्या लेव्होडोपाने संगीताचा आनंद वाढला, त्याला अडवणाऱ्या रिस्पेरिडोनने तो कमी झाला.

अपेक्षेतला हा आनंद जवळून बघायचा तर तिहाईइतकं, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवलेल्या तुकड्याइतकं, चांगलं उदाहरण नाही. तीनतालात 16 मात्रा, त्यातली पहिली म्हणजे सम. तबल्यावर 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा समेपासून उचलला की पहिला 'धा' पाचव्या मात्रेवर पडतो. एक मात्रा थांबून तोच तुकडा सातवीपासून. दुसरा 'धा' अकराव्या मात्रेवर. पुन्हा एक मात्रा थांबून तेरावीपासून तिसरी फेरी. चार मात्रांत सोळा पूर्ण होतात आणि तिसरा 'धा' थेट समेवर. पाच अधिक एक, पाच अधिक एक, आणि पाच: 17, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. पहिल्या फेरीत श्रोत्याला तुकडा कळतो, दुसरीत अंदाज येतो, तिसरीत त्याची मान समेच्या आधीच हलायला लागते. पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळेच मजा वाढते.

पण मग शंभरदा ऐकलेल्या गाण्यातली अनपेक्षित वळणं तरीही अनपेक्षित का वाटतात? भारतीय वंशाचे मानसशास्त्रज्ञ जमशेद भरुचा यांनी याचं पटणारं उत्तर दिलं आहे. मेंदूत दोन प्रकारच्या अपेक्षा एकाच वेळी चालू असतात. एक त्या विशिष्ट गाण्याची, जी पाठांतरातून येते. दुसरी संगीताच्या सर्वसाधारण चालीरीतींची, जी हजारो गाण्यांतून मुरलेली असते. एखाद्या गाण्यात वर्ज्य स्वर अचानक लागतो, तेव्हा पहिली म्हणते 'येणारच होता', आणि दुसरी दर वेळी दचकते. हे दचकणं सहजी बोथट होत नाही. लाइपझिगच्या संशोधकांनी 2019 मध्ये 745 अमेरिकन गाण्यांतल्या सुमारे 80 हजार कॉर्डांचं (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचं) गणित मांडून हेच वेगळ्या बाजूने दाखवलं: पुढचं नक्की ठाऊक आहे असं वाटत असताना धक्का बसला, किंवा काहीच अंदाज नसताना सरळ उत्तर मिळालं, की आनंद जास्त होतो. महिनाभर टिकणारं गाणं निवडायचं असेल तर ठेक्यापेक्षा अशी एखादी जागा त्यात आहे का, हे बघावं.

गाण्यातल्या भावनेचा परिणामही मोजला गेला आहे. मिशिगन विद्यापीठात 204 जणांना ते सध्या सगळ्यात जास्त ऐकत असलेल्या गाण्याबद्दल विचारलं. 86 टक्के लोक ते रोज किंवा आठवड्यातून काही वेळा ऐकत होते. आनंदी गाणी सरासरी 175 वेळा ऐकली गेली होती. गोड हुरहुर लावणारी सुमारे 790 वेळा. हे आकडे लोकांच्या आठवणीवरून आलेले आहेत, तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

ध्वनिमुद्रित गाणं दर वेळी तंतोतंत तेच असतं, ही गोष्ट आपण विसरतो. डॅनियल लेव्हिटिन यांनी 1994 मध्ये 46 विद्यार्थ्यांना आवडतं गाणं आठवून गायला लावलं, तेव्हा 40 टक्के जणांनी दोनपैकी निदान एका प्रयत्नात मूळ पट्टी अचूक धरली. लय तर आणखी पक्की निघाली: 72 टक्के प्रयत्न मूळ लयीच्या 8 टक्क्यांच्या आत होते. इतकं घट्ट ठसलेलं ऐकून ऐकूनच विटतं. त्याच गायकाने मैफलीत गायलेलं तेच गाणं ऐकलं की ओळख राहते आणि तपशील बदलतो. महिन्याच्या मध्यावर हा उपाय करून बघण्यासारखा आहे.

साधन बदलण्यानेही असंच होतं. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ निघतच नाहीत. डग्ग्याचा घुमारा आणि बेस गिटार मेंदू वरच्या सुरांवरून स्वतः भरून काढतो. पंधरा दिवस फोनवर ऐकलेलं गाणं बऱ्या हेडफोनवर लावलं की तळाचा एक नवाच थर हाती लागतो. उन्हाळ्यात कूलर किंवा पंखा चालू असतो आणि आवाज नकळत वाढवला जातो, तिथे मात्र जपावं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी आहे. मुलांसाठी 75 डेसिबल. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. कानात घट्ट बसणारे इअरफोन बाहेरचा आवाज अडवतात, त्यामुळे कमी आवाजातही भागतं. रात्री कूलर बंद करून ऐकलं तर आवाजाची दांडी कितीतरी खाली आणता येते.

पूर्वी अंतर आपोआप पडायचं. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली बिनाका गीतमाला दर बुधवारी लागायची; आवडतं गाणं त्यात वाजलं की पुन्हा आठवडाभर थांबणं आलं. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. मग उठून पिन उचला, ग्रामोफोनची पोलादी सुई बदला, चावी द्या. ही खटपट माझ्या मते गाण्याच्या भल्याचीच होती.

गाणं विटलं नाही तरी ते डोक्यात अडकून बसण्याचा त्रास वेगळा. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या 2015 च्या प्रयोगात च्युइंगम चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा घोळलं. मनातल्या मनात गाण्यासाठी उच्चाराची जी यंत्रणा लागते, ती चघळण्यात गुंतते, असं त्याचं स्पष्टीकरण आहे.

आठवणींचं गणित थोडं कठोर आहे. 2009 मध्ये पीटर जनाटा यांनी तरुणांना त्यांच्या 8 ते 18 या वयातल्या गाण्यांचे 30 सेकंदांचे तुकडे ऐकवले. ज्या गाण्यांनी जुने प्रसंग जागे केले, त्यांच्या वेळी कपाळामागचा मध्यभाग जास्त सक्रिय झाला. पण एकच खूण अनेक प्रसंगांना जोडली गेली की प्रत्येक प्रसंगावरची तिची पकड सैल होते. स्मृतीच्या अभ्यासात ही गोष्ट पक्की झालेली आहे. या सुट्टीची आठवण एखाद्या गाण्याला बांधायची असेल तर ते पाऊस सुरू झाल्यावर बाजूला ठेवावं. वर्षभर ऑफिसच्या वाटेवर वाजवलेलं गाणं मे महिन्याचं राहत नाही.

अंतराचा परिणाम घरी तपासता येतो. एकाच धाटणीची दोन अनोळखी गाणी घ्या. एकेकदा ऐकून दहापैकी गुण द्या आणि दोघांना सारखे गुण मिळाले तरच पुढे जा. पहिलं गाणं रोज 7 वेळा, 4 दिवस. दुसरं रोज एकदा, 28 दिवस. दोन्ही गाणी प्रत्येकी 28 वेळा ऐकून होतात. आता बहुतेकांची चूक इथे होते: दोघांना 28 व्या दिवशी गुण दिले जातात. तोवर पहिल्या गाण्याला 24 दिवस विश्रांती मिळालेली असते आणि ते ताजं झालेलं असतं. म्हणून प्रत्येकाला त्याच्या शेवटच्या ऐकण्यानंतर 7 दिवसांनी गुण द्यावेत, पहिल्याला 11 व्या दिवशी आणि दुसऱ्याला 35 व्या. रीलवर सध्या गाजणारं गाणं घेऊ नका, कारण ते इतरत्रही कानावर पडतं आणि मोजणी कधी फसते ते कळत नाही. अॅपचं ऑटोप्लेही बंद ठेवा. आणि गाण्यातलाच फरक निकालात शिरू नये म्हणून मित्राला किंवा मैत्रिणीला हीच जोडी वेळापत्रकाची अदलाबदल करून द्या, निकाल काय अपेक्षित आहे हे न सांगता.