एस्टाई प्रकरण : दोनशे मैलांपलीकडची मासळी

खुल्या समुद्रातल्या मासेमारीचे तंटे जुनेच. १८९३ मध्ये बेरिंग समुद्रातल्या सीलच्या शिकारीवरून लवाद बसला होता. आइसलंडने आपली मासेमारीची हद्द ४, १२, ५० आणि शेवटी २०० मैल अशी रेटत नेली, तेव्हा ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांच्या तारा भर समुद्रात कापल्या गेल्या. पण हक्काची ओढाताण थेट गोळीबारापर्यंत कशी जाते, ते पाहायचे तर मार्च १९९५ मधले 'एस्टाई' या स्पॅनिश ट्रॉलरचे प्रकरण पाहावे.

कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ पट्ट्याभोवती कॅनडाने १९७७ मध्ये २०० मैलांची हद्द आखली. पट्ट्याचे पूर्वेकडचे टोक, म्हणजे 'नाक', आणि दक्षिणेकडचे 'शेपूट' तेवढे बाहेर राहिले. आत वाढलेला कॉड मासा तिथे गेला की कोणाच्याही जाळ्यात. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला स्वतःच्याच लोकांवर कॉडबंदी लादावी लागली आणि तीसएक हजार लोकांचे पोट तुटले. आतल्या बाजूला कॅनडाच्या ट्रॉलरांनीही कमी ओरबाडले नव्हते, हेही नोंदवायला हवे.

उरला टर्बट, खोल पाण्यातला चपटा मासा. वायव्य अटलांटिकमधल्या मासळीचे वाटे ठरवणाऱ्या प्रादेशिक संघटनेने, नाफोने, १९९५ साठी एकूण २७,००० टन ठरवले. त्यातले १६,३०० कॅनडाला, तर आधीच्या वर्षांत सर्वाधिक पकड करणाऱ्या युरोपीय संघाला ३,४००. युरोपने हरकत नोंदवली आणि स्वतःच १८,६३० टनांचा वाटा जाहीर केला. सगळी मेख या 'हरकती'त आहे. सनदेनुसार मुदतीत हरकत घेणाऱ्या सभासदावर तो निर्णय बंधनकारकच राहत नाही. म्हणजे युरोपने नियम मोडला नव्हता. नियमातली पळवाट वापरली होती. अशी पळवाट ठेवल्याशिवाय सार्वभौम देश संघटनेत येतच नाहीत, ही अडचण खरी. पण मग मतदान कशासाठी, हा प्रश्नही खराच.

९ मार्चला, किनाऱ्यापासून सुमारे २४५ मैलांवर, कॅनडाच्या गस्ती नौकांनी 'एस्टाई'चा पाठलाग केला. खलाशांनी जाळे तोडून सोडून दिले. मशीनगनच्या इशाऱ्याच्या फैरी झडल्या आणि ट्रॉलर सेंट जॉन्स बंदरात आणला गेला. कॅनडाने ते जाळे तळातून वर काढले. त्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या छिद्राची रुंदी, १३० मिलिमीटर हवा होता, भरला ११५. आत त्याहून बारीक, ८० मिलिमीटर आसाचे अस्तर. पुढे हे जाळे न्यूयॉर्कच्या नदीत बार्जवर टांगून जगाला दाखवले गेले. बघणाऱ्यांना दिसले ते जाळे. तो समुद्र कॅनडाचा नव्हता, ही गोष्ट त्यामागे झाकली गेली.

स्पेन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे मासळीपेक्षा एका शब्दप्रयोगावरच खल झाला. मे १९९४ मध्ये, म्हणजे घटनेच्या दहा महिने आधी, कॅनडाने या क्षेत्रातल्या जहाजांबाबतचे 'संवर्धन व व्यवस्थापनाचे उपाय' आणि त्यांची अंमलबजावणी न्यायालयाच्या कक्षेतून वगळून टाकली होती. स्पेनचा युक्तिवाद असा की, परक्या जहाजावर खुल्या समुद्रात बळ वापरणे याला संवर्धन म्हणत नाहीत. उपाय आधी कायदेशीर हवा. डिसेंबर १९९८ मध्ये १२ विरुद्ध ५ मतांनी न्यायालयाने शब्दांचा साधा अर्थ धरला आणि आपल्याला अधिकार नाही म्हणून हात झटकले. कारवाई योग्य होती की नाही, हे ठरलेच नाही. कॅनडाने बंदूक उचलण्याआधी कोर्टाचे दार लावून घेतले होते, हे विसरता येत नाही.

त्याआधीच, एप्रिल १९९५ मध्ये, कॅनडा आणि युरोपीय संघात समझोता झाला होता: 'एस्टाई'वरचा कॅनडातला खटला मागे, प्रत्येक ट्रॉलरवर निरीक्षक. त्याच ऑगस्टमध्ये, हद्दीच्या आतबाहेर वावरणाऱ्या मासळीबाबतचा जागतिक करार संमत झाला. तो २००१ मध्ये लागू झाला आणि भारत त्यात २००३ मध्ये सामील झाला. दुसऱ्या सभासद देशाच्या जहाजावर चढून तपासणीची मुभा त्याने दिली. हरकतीची सोय मात्र नाफोत अजून आहे. २०१७ पासून हरकतीचे कारण द्यावे लागते.