कॅलेंडरचं कोरं पान

"अजून महिनाभर वेळ आहे हो, आणि अर्धाच तास बोलायचंय," असा फोन येतो. मी कॅलेंडर उघडतो. या आठवड्यात मान वर करायला फुरसत नाही, पण पुढच्या महिन्याचं पान कोरं करकरीत. "चालेल की!" म्हणून मोकळा होतो. तो दिवस उजाडतो तेव्हा त्याच पानावर आणखी चार कामं येऊन बसलेली असतात.

यात माझा भिडस्तपणा आहेच, पण त्याहून मोठा घोळ अंदाजाचा आहे. गाल झॉबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की पुढे आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल, असं माणसं धरून चालतात. गंमत म्हणजे पैशाबाबत हा भाबडेपणा बराच कमी असतो. पुढच्या महिन्यातही खर्च असणारच, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. आजारपण, पाहुणे, गळका नळ यांची नोंद मात्र कॅलेंडरवर आधी कुणी करत नाही. कामांना त्या दिवसाचा पत्ता अजून लागायचा असतो, इतकंच.

त्यात दुरून डोंगर साजरे. काम लांब असताना डोक्यात 'का' घोळत असतं: चार लोकांना उपयोग होईल, आपलंही नाव होईल. तारीख जवळ आली की 'कसं' समोर येतं: स्लाइड कधी करायच्या, घरून किती वाजता निघायचं. याकोव्ह ट्रोप आणि नीरा लिबरमन यांनी मनाच्या या सवयीचा बराच अभ्यास केला आहे.

बरं, काम किती वेळ खाईल याचा तरी अंदाज खरा ठरावा? १९९४ मध्ये रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध संपवत आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, अजून किती दिवस? सरासरी उत्तर आलं ३४. सगळंच बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर.

उरली भीड. ती भिकेची बहीण, हे आपण ऐकलेलं असतं, पण तिची ताकद किती? व्हनेसा बॉन्स यांच्या एका प्रयोगात सहभागींनी अनोळखी लोकांना गळ घातली, की लायब्ररीच्या या पुस्तकात पेनाने 'पिकल', म्हणजे लोणचं, एवढा शब्द लिहा. फार थोडे तयार होतील, असं विचारणाऱ्यांना वाटत होतं. निम्म्याहून जास्त लोक तयार झाले! समोरच्याला नाही म्हणणं किती जड जातं, याचा मागणाऱ्याला पत्ताच नसतो. तो बिचारा नकाराची तयारी ठेवूनच आलेला असतो.

म्हणून हल्ली मी एकच प्रश्न विचारतो: हेच काम परवा असतं तर घेतलं असतं का? गेल्या आठवड्यात उत्तर 'नाही' आलं, तसं फोनवर सांगून टाकलं. "बरं, मग दुसऱ्या कुणाला तरी विचारतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते दुखावले असतील का, या विचारात माझा मात्र तासभर गेला.