स्क्रूचा दात आणि शेजारची दाढ

स्क्रूचा दात म्हणजे इम्प्लांट: जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप. तो किडत नाही, हे खरं आहे. टायटॅनियमला कीड लागत नाही. त्यामुळे तो एकदा बसवला की दाताची कटकट मिटली, असं समजणारे धुळे-जळगावकडे पुष्कळ आहेत. पण स्क्रू धातूचा असला तरी त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड माणसाचंच असतं. आजार लागतो तो तिथे, आणि बऱ्याच वेळा त्याचं बियाणं शेजारच्या दाढेत असतं.

आपला मूळचा दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. चावताना दात किंचित दबतो तो त्यामुळेच. हिरडीलाही या पडद्यातून रक्त मिळतं. शिवाय हिरडीचे तंतू मुळात आडवे रुतलेले असतात, त्यामुळे जंतूंना खाली उतरणं जड जातं. इम्प्लांटला हा पडदाच नाही. हाड थेट टायटॅनियमला धरतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला दात बसवले ते याच गुणाच्या भरवशावर. हाडाची पकड पक्की, हिरडीची मात्र कच्ची. मनगटाभोवती कडं असतं तशी हिरडी स्क्रूभोवती असते, लागून असते पण शिवलेली नसते. रक्तपुरवठाही कमीच.

म्हणून कीटण साचलं की इथे सूज लवकर खोल जाते. आधी फक्त हिरडी लाल होते आणि धक्का लागला की रक्त येतं. या पायरीवरून परत फिरता येतं, मात्र नैसर्गिक दाताभोवतीची सूज जितक्या दिवसांत उतरते त्याहून जास्त दिवस लागतात. दुर्लक्ष झालं तर हाड झिजायला लागतं, आणि तेही एका बाजूने नाही. केळीच्या बुंध्याभोवती आळं करतात तसा स्क्रूभोवती गोल खड्डा पडतो. एक्स-रेमध्ये तो बशीसारखा दिसतो.

आता शेजाऱ्याचा संबंध पाहू. स्क्रू आणि शेजारचं मूळ यांच्यात निदान 1.5 मिलिमीटर हाड राखायचं असतं. म्हणजे दोघांमध्ये एकच सामाईक भिंत, तीही पातळ. आळं रुंद होत त्या भिंतीपर्यंत पोचलं की चांगल्या दाढेचाही त्या बाजूचा आधार खचतो. उलटही होतं. दाढेभोवती 5-6 मिलिमीटर खोल, रक्त येणारी फट असेल तर तिथले जंतू नव्या स्क्रूभोवती मुक्कामाला येतात. त्यामुळे हिरड्यांचा इलाज अर्धवट सोडून स्क्रू बसवण्याची घाई म्हणजे घराला वाळवी असताना नवी चौकट बसवणं. आधी बाकीचे दात साफ, मग स्क्रू. हा क्रम बदलू नये.

एक गोष्ट बसवताना सहसा कोणी सांगत नाही. नैसर्गिक दात आयुष्यभर हळूहळू पुढे सरकत असतात. स्क्रू हाडात रुतलेला, तो जागचा हलत नाही. त्यामुळे बसवताना घट्ट भिडलेली कॅप आणि तिच्या पुढचा दात यांच्यात काही वर्षांनी फट पडू शकते. भरीत खाल्लं की त्यातल्या कांद्याच्या पातीचा धागा नेमका तिथेच अडकतो, मटणाचाही. रोज एकाच जागी अडकतंय हे लक्षात आलं की टाचणी-काडीने कोरत बसू नका. दात साफ करायच्या दोऱ्याने (फ्लॉसने) तपासा. कॅप आणि दात नीट भिडलेले असतील तर दोरा ‘टक’ करून जातो. सरळ घसरत गेला तर फट पडली आहे. कॅप स्क्रूने बसवलेली असेल तर काढून, तिच्या बाजूला भर घालून पुन्हा लावता येते. सिमेंटने चिकटवलेली असेल तर काम अवघड होतं. सिमेंटचा आणखी एक दोष असा की बसवताना त्याचा कण हिरडीखाली राहिला तर तो कीटणासारखाच सूज धरून ठेवतो.

दाढेच्या कॅपचा आकारही पाहावा. खालची पहिली दाढ सुमारे 11 मिलिमीटर रुंद, तर स्क्रू 4-5 मिलिमीटरचा. बारीक देठावर मोठी छत्री बसते, आणि छत्रीखाली ब्रश पोचत नसेल तर रुग्णाला दोष देऊन उपयोग नाही. कॅप घासून आकार बदलायला हवा.

सगळ्यात फसवं म्हणजे दुखत नाही. शेवटचं थोडं हाड धरून असेपर्यंत स्क्रू ठाम उभा राहतो. कॅप हलायला लागली तर बहुतेक वेळा कॅपला हाडातल्या स्क्रूशी जोडणारा आतला छोटा जोडस्क्रू ढिला झालेला असतो. तो लगेच कसून घ्यावा, कारण त्या सांध्यातही जंतू वस्ती करतात. खरी तपासणी होते ती हिरडी आणि स्क्रू यांच्यामधल्या फटीची खोली बोथट मापकाडीने मोजून, सुमारे 25 ग्रॅमच्या दाबाने. एवढा हलका दाब की नखाखाली दिला तरी दुखू नये. अर्ध्या मिनिटात रक्त आलं तर सूज आहे. पू, पूर्वीपेक्षा वाढलेली खोली आणि एक्स-रेत खाली गेलेलं हाड हे पुढच्या पायरीचं लक्षण. जुनी नोंदच नसेल, तर रक्तासोबत 6 मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि 3 मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं असं माप धरतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हिरडी मात्र रक्त कमी दाखवते, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. ‘रक्त येत नाही, म्हणजे ठीक’ हा हिशेब तिथे चुकतो. मशेरीतही तंबाखूच असते, तिला दंतमंजन समजू नये. आणि कीटण बोअरच्या खाऱ्या पाण्यामुळे धरतं ही समजूतही सोडायला हवी. ते लाळेतल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे कडक होतं. शुद्ध पाणी पिणाऱ्यालाही धरतं.

घरी लागतो तो फटीत जाणारा बारीक गोल ब्रश. आतली तार प्लॅस्टिकने मढवलेली हवी, उघडी तार धातूवर ओरखडे पाडते. माप असं की आत जाताना थोडा अडावा, पण जोर लावावा लागू नये. स्क्रूच्या दोन्ही बाजूंना, आधी गालाकडून आणि मग जिभेकडून, चार-पाच वेळा आतबाहेर करावा. रात्री, झोपण्याआधी. केस वाकले की ब्रश बदला. हिरडी उतरून स्क्रूचे आटे उघडे पडले असतील तर तिथे दोरा वापरू नका. खरखरीत आट्यांत दोऱ्याचे तंतू अडकून राहतात आणि त्यांच्यामुळेच सूज धरते.

सूज आली तर मेडिकलवरून गोळ्या आणून भागत नाही. नुसत्या अँटिबायोटिकने पृष्ठभागावरचा थर निघत नाही. आधी टायटॅनियमच्या अवजाराने किंवा बारीक पावडरच्या फवाऱ्याने सफाई, मग 6 ते 12 आठवड्यांनी पुन्हा मोजणी. खोली तशीच असेल तर हिरडी उघडून सफाई करतात आणि खड्ड्याला भिंती शिल्लक असतील तर हाडाची भुकटी भरतात. खूप हाड गेलं असेल तर स्क्रू काढणंच शहाणपणाचं, म्हणजे शेजारची दाढ तरी वाचते. पुढे दर 3 ते 6 महिन्यांनी दाखवावं. मधुमेह किंवा हिरड्यांचा जुना आजार असेल तर तिसरा महिना चुकवू नये.

खानदेशातले बरेच जण दात बसवून घेतात पुण्याला, नाशिकला किंवा नंदुरबारहून जवळ म्हणून सुरतला, आणि तक्रार घेऊन येतात शिरपूर-चोपड्यातल्या दवाखान्यात. तेव्हा पहिला प्रश्न असतो, स्क्रू कोणत्या कंपनीचा? बऱ्याच कंपन्यांचा पाना वेगळा. नाव कळलं नाही तर ढिली कॅप कसणंही अडतं. स्क्रूच्या डबीवर कंपनी, जाडी, लांबी आणि बॅच लिहिलेलं स्टिकर असतं. ते मागून घ्या, कॅप बसवल्या दिवशीचा एक्स-रेही घ्या आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.