स्थानिक आपत्ती-सज्जता

भूकंप, पूर, चक्रीवादळ यांसारख्या संकटांसाठी गावा-शहराचा कारभार पाहणाऱ्या संस्थांनी आधीपासून केलेली तयारी आणि संकटात तगून पुन्हा उभे राहण्याची तेथील लोकांची क्षमता, या दोहोंचा निर्देश या संज्ञेने होतो. निर्जन बेटावरचे चक्रीवादळ ही केवळ नैसर्गिक घटना असते. कच्ची घरे, तुंबलेले नाले आणि न पोचलेली पूर्वसूचना यांच्याशी गाठ पडली की तिची आपत्ती होते.

पहिले काही तास बाहेरची मदत क्वचितच मिळते. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे परिसरात झालेल्या भूकंपात ६,००० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले; ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना कुटुंबीयांनी व शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. इंडोनेशियातील सिमुलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण ‘स्माँग’ (त्सुनामीसाठीचा तेथील शब्द) या शब्दाभोवतीच्या कथा-गीतांतून टिकून होती. धरणी हादरून समुद्र मागे हटला की डोंगर गाठायचा, एवढाच त्यांचा सांगावा. २००४ मध्ये कोणताही भोंगा वाजला नसताना सुमारे ७८,००० वस्तीच्या या बेटावर त्सुनामीने जेमतेम सात बळी गेले.

मात्र लोकस्मृतीला यंत्रणेची जोड लागते. १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर किमान तीन लाख लोक दगावले. त्यानंतर १९७२ मध्ये उभी राहिलेली स्वयंसेवकांची फळी, पुढे बांधलेले निवारे आणि सुधारलेला हवामान-अंदाज यांमुळे तेथील वादळबळी कमालीचे घटले.

स्थानिक प्रशासनाचे यातील काम बहुतांशी नित्याचे व नीरस असते, आणि म्हणूनच ते मागे पडते: पूररेषेत बांधकामाला परवानगी नाकारणे, नाले उपसणे, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी अद्ययावत ठेवणे, मध्यरात्री वस्ती हलवण्याचा आदेश कोणी द्यायचा हे ठरवणे. रंगीत तालीम न झालेला आराखडा कपाटातच राहतो. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत स्वीकारलेल्या, आपत्तींचा धोका कमी करण्यासाठीच्या सेंडाई आराखड्याने स्थानिक पातळीवरच्या धोरणांना राष्ट्रीय धोरणांच्या बरोबरीने स्थान दिले असले, तरी निधी व अधिकार त्या प्रमाणात खाली उतरतातच असे नाही.

पुनर्बांधणी पूर्वीपेक्षा भक्कम व्हावी, हाही या आराखड्याचा आग्रह आहे. व्यवहारात मात्र नुकसानभरपाई मालकी हक्काच्या कागदांवर ठरत असल्यास भाडेकरू आणि अनधिकृत वस्त्यांतील रहिवासी तीतून वगळले जातात.