ॲपकास्ट

डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांची निर्मात्याने सर्व्हरवर ठेवलेली एक्सएमएल (यंत्राला वाचता येईल अशा खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या) स्वरूपातील यादी. संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअर ठरावीक काळाने ही यादी वाचते आणि आपल्यापेक्षा नवी आवृत्ती दिसली की ती उतरवून घेते. मॅक संगणकांसाठी अँडी मातुशॅक यांनी २००६ मध्ये तयार केलेल्या ‘स्पार्कल’ या मुक्तस्रोत संचामुळे ही पद्धत छोट्या निर्मात्यांच्या आवाक्यात आली.

शब्दाची घडण ‘पॉडकास्ट’वरून झाली, हे उघड आहे. पॉडकास्ट हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांनी ‘द गार्डियन’मध्ये वापरला होता, तेव्हा ॲपकास्ट त्यानंतरचा; तो २००६ च्या आसपास रूढ झालेला दिसतो. कल्पनेच्या उगमाबद्दल मात्र एकवाक्यता नाही. काहींच्या मते मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एमई’ (२०००) या प्रणालीमधील स्वयंचलित अपडेटपासून ही परंपरा मोजावी. परंतु तेथे कार्यकारी प्रणालीचा मालकच स्वतःच्या प्रणालीची डागडुजी करत होता. फायरफॉक्स १.५ (नोव्हेंबर २००५) अधिक जवळचे आहे, तरी त्याची यंत्रणा त्या ब्राउझरपुरतीच होती. ॲपकास्टचा सांगाडा आरएसएस २.० या, संकेतस्थळांवरील नवा मजकूर आपोआप पोहोचवणाऱ्या एक्सएमएल स्वरूपाचा आहे, आणि फाईलचा पत्ता सोबत जोडण्याचे ‘एन्क्लोजर’ हे अंग डेव्ह वायनर यांनी आरएसएस ०.९२ मध्ये (डिसेंबर २०००) आणले. त्यामुळे बातम्या व ध्वनिफिती पोहोचवण्याच्या या धारेतच ॲपकास्टचे मूळ शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

यादीतील प्रत्येक नोंदीत आवृत्तीचा क्रमांक, फाईलचा पत्ता, बाइटमधील आकार आणि डिजिटल स्वाक्षरी असते. क्रमांकांची तुलना दिसते तितकी सरळ नाही. दशांश अपूर्णांक म्हणून वाचल्यास १.१० हा १.९ पेक्षा लहान ठरतो आणि अपडेट कधीच पोहोचत नाही. म्हणून ठिपक्यांमधला प्रत्येक भाग स्वतंत्र पूर्णांक म्हणून ताडतात. वापरकर्त्याला दाखवायचा क्रमांक आणि तुलनेसाठीचा अंतर्गत क्रमांक स्पार्कलमध्ये वेगळे ठेवता येतात.

चालू असलेले सॉफ्टवेअर स्वतःच्या जागी नवी आवृत्ती सुरक्षितपणे ठेवू शकत नाही. त्यासाठी एक वेगळा साहाय्यक प्रोग्राम मूळ सॉफ्टवेअर बंद होण्याची वाट पाहतो, जुन्याच्या जागी नवे ठेवतो आणि ते पुन्हा सुरू करतो.

या पद्धतीचा खरा कणा स्वाक्षरी आहे. स्वाक्षरी करणारी खाजगी किल्ली निर्मात्यापाशी राहते व ती पडताळणारी सार्वजनिक किल्ली सॉफ्टवेअरमध्येच बसवलेली असते. सर्व्हर परक्याच्या हाती गेला तरी बनावट फाईल नाकारली जाते. स्पार्कलमध्ये यासाठी पूर्वी डीएसए ही स्वाक्षरी-पद्धत होती, आता एड२५५१९ आहे. केवळ फाईलवर स्वाक्षरी असून भागत नाही, हे जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेल्या दोषाने दाखवले. अनेक सॉफ्टवेअर यादी साध्या, असंरक्षित एचटीटीपीवरून मागवत, त्यामुळे जाळ्यावर वाटेत बसलेल्या हल्लेखोराला यादीतील मजकूर बदलता येई. आवृत्तीची टिपणे ब्राउझरसारख्या खिडकीत दिसत असल्याने तेथून घातक कोड चालवणे शक्य होते. स्पार्कलच्या आवृत्ती १.१३.१ मध्ये हा दोष दूर झाला. निर्मात्याचीच यंत्रणा फुटली तर मात्र स्वाक्षरीही हतबल ठरते : २०१७ मध्ये संगणकाची साफसफाई करणारे सीक्लीनर ५.३३ वैध स्वाक्षरीसह दूषित रूपात वितरित झाले होते.

दर वेळी पूर्ण फाईल पाठवण्याऐवजी दोन आवृत्त्यांतील फरक पाठवता येतो. गूगलने २००९ मध्ये क्रोमच्या एका अपडेटचे आकडे दिले होते : पूर्ण फाईल १,०३,८५,९२० बाइट, कॉलिन पर्सिव्हल यांच्या बीएसडिफ या फरक काढणाऱ्या प्रोग्रामने ७,०४,५१२ आणि गूगलच्या कूर्जेट पद्धतीने ७८,८४८.

विंडोजसाठी ‘विनस्पार्कल’ हा स्वतंत्र संच असून तोही ॲपकास्टच वाचते. जानेवारी २०११ मध्ये सुरू झालेल्या मॅक ॲप स्टोअरमधील सॉफ्टवेअरला अपडेट स्टोअरमार्फतच द्यावे लागतात. तेथे ॲपकास्ट चालत नाही.