हिरोच्या गालावरची निळी सावली

हाताने रंगवलेल्या सिनेमाच्या होर्डिंगपासून हातभर अंतरावर उभं राहिलं तर चेहरा दिसतच नाही. दिसतात ते ब्रशचे फटकारे. गालाच्या जागी चार बोटं रुंदीचा नारिंगी पट्टा, त्याला खेटून मोरपंखी निळा, हनुवटीखाली शेवाळी हिरवा, आणि डोळ्यातली चमक म्हणून लिंबाएवढा पांढरा ठिपका. एक रंग दुसऱ्यात घोटून मिसळलेला नाही. पन्नास फूट मागे गेलं की तेच फटकारे जागच्या जागी बसतात आणि संतापलेला हिरो आपल्याकडे बघू लागतो.

निळ्या गालाचा माणूस कुणी पाहिलेला नाही. तरी पोस्टरवर तो खटकत नाही, उलट वर्षानुवर्षं लक्षात राहतो. यात चित्रकाराची लहर आहेच, पण त्याहून जास्त डोळ्याचं आणि छापखान्याचं गणित आहे.

आधी अंतराचं गणित. निरोगी डोळ्याला साधारण एका कोनीय मिनिटाएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. पंधरा मीटरवर, म्हणजे त्याच पन्नास फुटांवर, हा तपशील ४.४ मिलिमीटरचा होतो आणि तीस मीटरवर ८.७ मिलिमीटरचा. त्याहून बारीक रेघ काढली काय आणि न काढली काय, रस्त्यावरच्या माणसाला सारखीच. पापण्यांचे केस एकेक करून रंगवणारा होर्डिंगवर मजुरी वाया घालवतो. शिवाय बघायला वेळ किती? ताशी ३० किलोमीटरने जाणारी बस सेकंदाला आठ मीटरच्या वर अंतर कापते. चाळीस मीटरवर दिसू लागलेलं पोस्टर दहा मीटरवर येईपर्यंत साडेतीन सेकंद मिळतात. डोळा सेकंदाला तीन-चार ठिकाणी टेकतो, म्हणजे सगळे मिळून दहा-चौदा टप्पे. त्यातले बरेचसे चेहऱ्यावर, त्यातही डोळ्यांवर खर्च होतात. उरलेल्यात नाव वाचायचं.

आता निळा गाल. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या त्यातल्या जेमतेम पाच-सात टक्के, आणि नजरेच्या अगदी केंद्रबिंदूत तर त्या नसतातच. आकार, कडा, उंचवटे यांची बारकाईची माहिती मेंदू प्रामुख्याने उजेड-अंधाराच्या फरकावरून काढतो, आणि उजेडाचं हे मोजमाप मुख्यतः उरलेल्या दोन प्रकारच्या पेशींकडून येतं. रंगाची जाणीव त्यावर ढोबळपणे पसरली जाते, लहान मुलाने रेघेबाहेर रंग भरावा तशी. (फोनमधला फोटो लहान फाइलमध्ये बसतो तो याच कमजोरीचा फायदा घेऊन. त्यात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा विरळ साठवलेली असते.) म्हणून सावलीचा गडदपणा अचूक असला की तिचा रंग निळा, हिरवा, जांभळा कुठलाही चालतो. गालाचा गोलावा गडदपणाने उभा राहतो आणि रंगाकडे मूड सोपवता येतो: एका बाजूने तापलेला नारिंगी, दुसऱ्या बाजूने गार निळा, म्हणजे संवाद न ऐकताही माणूस दुभंगलेला वाटतो.

हीच युक्ती केसांनाही लागू पडते. काळ्या पार्श्वभूमीवर काळे केस बुडून जातात. तिथे पांढऱ्या कडा काढल्या तर हिरो म्हातारा दिसतो. निळा रंग नजरेला कमी उजळ वाटतो, म्हणून निळी कड दिल्यावर केस वेगळे होतात आणि काळेही राहतात.

पडताळा घरबसल्या घेता येतो. आवडत्या पोस्टरचा फोटो फोनमध्ये कृष्णधवल करून बघा. चांगल्या पोस्टरचा चेहरा तेवढाच भरीव राहतो. फसलेल्याचा सपाट होतो, आणि बहुतेक वेळा सिनेमाचं नावही पार्श्वभूमीत विरघळतं. हिरव्यावर लाल अक्षरं हा त्यातला नेहमीचा घोटाळा. दोन्ही रंग सारखेच उजळ असले की अक्षरांच्या कडा मेंदूला पक्क्या सापडत नाहीत आणि अक्षरं थरथरल्यासारखी दिसतात. पेंटर अशा अक्षरांना पिवळी किंवा पांढरी बॉर्डर मारतो, ती शोभेपेक्षा याच्यासाठी. संध्याकाळी तर लालाची आणखी पंचाईत होते. उजेड ओसरताना डोळ्याची संवेदनशीलता निळ्या-हिरव्याकडे सरकते, त्यामुळे दुपारी भडक दिसणारा लाल कातरवेळी काळपट पडतो. नेमकी तीच थिएटरकडे जायची वेळ.

अंतरासाठी रंगवायची ही समज आपल्याकडे सिनेमाच्याही आधीची आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आनंदराव पेंटरांबरोबर संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते, आणि नाटकाचा पडदा पिटातल्या शेवटच्या रांगेतून बघायचा असतो. पुढे त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचं १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे भारतात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या सचित्र पोस्टरांत गणलं जातं. १९३० च्या दशकात एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. आणि पोस्टरचे चित्रकार दिवाकर करकऱ्यांनी १९७५ च्या 'दीवार'च्या काळात ब्रश बाजूला ठेवून पॅलेट नाइफने जाड तैलरंग थापले. सुरीच्या फटक्यात रंग घोटला जात नाही, त्यामुळे उजेड आणि सावली यांच्यातली सीमा करवतीसारखी राहते. छपाईत लहान झाल्यावरही ती धार बोथटत नाही. हिंदी पोस्टरांतला सगळ्यांत हुशार निर्णय कुठला असं विचारलं तर तो हा.

होर्डिंगचं काम मांजरपाटावर चालायचं. कापड लाकडी चौकटीवर ताणून त्यावर सरस आणि सफेद्याचा अस्तर हात, तो वाळला की चौकोन. दहा इंच रुंद फोटोवर एक-एक इंचाचे चौकोन आखायचे, दहा फूट कापडावर खडूत बुडवलेल्या दोरीने सूत मारून एक-एक फुटाचे, आणि चौकोनामागून चौकोन कोळशाने चित्र उतरवायचं. चित्र बारा पट मोठं होतं आणि चूकही. फोटोवर एक मिलिमीटरने हुकलेली डोळ्यातली बाहुली कापडावर बारा मिलिमीटर सरकते आणि हिरो तिरळा होतो. हे जवळून कळत नाही, कारण तिथून एका वेळी फक्त एकच डोळा नजरेत मावतो. म्हणून दर थोड्या वेळाने शिडीवरून उतरून रस्ता ओलांडायचा आणि डोळे किलकिले करून बघायचं. किलकिल्या डोळ्यांनी बारीक तपशील पुसला जातो आणि उजेड-अंधाराचे मोठे ढिगारे तेवढे उरतात. म्हणजे पन्नास फुटांवरचं चित्र पंधरा फुटांवरूनच तपासता येतं.

रंग म्हणजे पूड, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन. जवसाचं तेल पाणी उडून जावं तसं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पावसाळ्यात गारवा आणि दमटपणामुळे हे काम रेंगाळतं. घाईत ड्रायर (रंग लवकर वाळवणारं मिश्रण) जास्त ओतला की वरचा पापुद्रा आधी धरतो, आतला रंग ओला राहतो आणि चार दिवसांनी नायिकेच्या कपाळावर सुरकुत्या येतात.

अक्षरांबद्दल देवनागरीची एक खास अडचण आहे. ध आणि घ, भ आणि म, ष आणि प या जोड्या एखाद्या गाठीने, फटीने किंवा तिरक्या रेघेने वेगळ्या होतात. पंधरा सेंटिमीटर उंच अक्षरात हा फरक साधारण एक सेंटिमीटरचा. तीस मीटरवर तो कसाबसा दिसतो, पन्नास मीटरवर दिसायला दीड सेंटिमीटर लागतो, म्हणजे ध चा घ होतो. जाणता लेटरिंगवाला शिरोरेषा बारीक ठेवतो आणि ती जाडी गाठींना देतो, ण-श यांच्या पोटातली जागा मोकळी सोडतो आणि अनुस्वार वहीत काढतो त्याच्या दुप्पट मोठा काढतो. रोमन लिपीसाठी बनवलेल्या जाडजूड वळणाची नक्कल करून काढलेली मराठी नावं लांबून एकसारखे काळे ठोकळे दिसतात, त्याचं कारण हे.

छापील पोस्टराची गोष्ट वेगळी. १७९६ मध्ये आलॉइस झेनेफेल्डरने शोधलेली शिळाछपाई तेल आणि पाणी यांच्या वैरावर चालते. चुनखडीच्या घासलेल्या शिळेवर मेणचट खडूने उलटं चित्र काढायचं, गोंद आणि किंचित आम्लाने शिळा पक्की करायची, मग ती ओली करून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त खडूवर धरते. रवि वर्मांच्या मळवलीच्या छापखान्यात देवदेवतांची चित्रं अशीच निघाली, आणि दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाकडे वळण्याआधी तिथलं काम केलं होतं. दर रंगाला वेगळी शिळा, आणि प्रत्येक शिळा कागदावर त्याच जागी बसली पाहिजे. पुढे शिळेची जागा पत्र्याने आणि ऑफसेटच्या रबरी चादरीने घेतली (चित्र पत्र्यावरून आधी चादरीवर आणि तिथून कागदावर उतरतं), पण जुळवणीचं दुखणं तसंच राहिलं.

ते दुखणं कागदाचं आहे. कागदाचे तंतू ओलाव्याने जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाहीत, त्यामुळे कागद ग्रेनच्या, म्हणजे तंतू पडलेल्या दिशेच्या, आडव्या दिशेला वाढतो. भारतात एका शीटचं पोस्टर सहसा ३० बाय ४० इंचांचं, म्हणजे लांब बाजू एक मीटरची. दोन रंग आज आणि दोन उद्या छापले आणि मधल्या दमट रात्री कागद ०.१ टक्का वाढला, तर जुळवणी एक मिलिमीटरने जाते आणि ओठांचा लाल हनुवटीकडे ओघळतो. उपाय दोन. गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे, किंवा चित्रातच ठळक काळी बाह्यरेषा ठेवायची. तीन मिलिमीटरच्या काळ्या रेघेखाली एक मिलिमीटरची चूक सहज झाकली जाते. जुन्या पोस्टरांची ती दमदार बाह्यरेषा शैली म्हणून वाखाणली जाते. ती बरीचशी विम्याचा हप्ता होती.

ऑफसेटमध्ये फिकट-गडद छटा ठिपक्यांच्या लहान-मोठ्या आकारातून येतात. इंचाला ६५ ओळींच्या जाळीत ठिपके ०.३९ मिलिमीटर अंतरावर पडतात, आणि दीड मीटरवरून ते नजरेत एक होतात. भिंतीवरच्या पोस्टराला एवढं पुरतं. चार रंगांच्या चार जाळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर नकोशी चौकटीदार नक्षी उमटते, म्हणून सायन (छपाईचा निळा) १५ अंशांत, मजेंटा (गडद गुलाबी) ७५, काळा ४५ आणि पिवळा शून्यावर फिरवतात. नव्वद अंशांत चौघांना पुरेशी जागा नाही, तेव्हा सगळ्यांत कमी डोळ्यात भरणाऱ्या पिवळ्याला अडचणीची जागा मिळते. जुनं म्हणून विकायला आलेलं पोस्टर दहा पटीच्या भिंगाखाली धरलं तर शिळाछपाईत खडूचे वेडेवाकडे कण दिसतात, ऑफसेटमध्ये नियमित फुलांसारखी ठिपक्यांची वर्तुळं, आणि हल्लीच्या इंकजेट नकलेत विस्कळीत फवारा.

मग भिंत. खळीसाठी एक वाटी मैदा दोन वाट्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि सहा वाट्या उकळत्या पाण्यात ढवळत ओतायचा. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि खळ चकचकीत होते. मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला तर गुठळीची वरची साल आधी शिजते आणि आत कोरडं पीठ राहतं. किडे-बुरशी लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं नको, आणि लोखंडी तर नकोच, कारण मोरचुदातलं तांबं लोखंडावर जमा होतं. मोठं पोस्टर अनेक शीटचं असेल तर सगळ्या शीट सारखाच वेळ भिजू द्यायच्या. एक जास्त वाढली की सांध्यावर चेहरा तुटतो. सांधा डोळ्यांवरून जाणार नाही हे पाहायचं काम मात्र चित्रकाराचं.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारो छायाचित्रं लोकांना दाखवून कुठली लक्षात राहतात ते मोजलं. माणसं असलेली चित्रं वरच्या क्रमांकावर आली, निसर्गदृश्यं तळाशी, आणि वेगवेगळ्या लोकांच्या याद्या बऱ्याच जुळल्या. पोस्टरवाल्यांना चेहऱ्याचं हे वजन आधीपासून ठाऊक होतं. म्हणूनच काश्मीरचं दृश्य कितीही देखणं असलं तरी ते कोपऱ्यात जातं.

भिंतीवर चिकटलेलं पोस्टर उन्हात काही आठवड्यांत निळं पडतं. स्वस्त छपाईचे पिवळे आणि मजेंटा रंग अतिनील किरणांपुढे लवकर तुटतात. सायनमधलं थॅलोसायनीन हे रंगद्रव्य मध्यभागी तांब्याचा अणू धरलेल्या कड्यासारखं असतं आणि ते बरंच तग धरतं, काळ्या शाईतला काजळीचा कार्बन तर जवळपास अमर. आधी ओठ जातात, मग कातडीची ऊब, मग नारिंगी आकाश. शेवटी उरतो निळा-काळा चेहरा. तरी रस्त्यापलीकडून तो कोणाचा हे चटकन ओळखू येतं, कारण उजेड-अंधाराचा बराचसा हिशेब काळ्या आणि निळ्या पत्र्यांवर होता.